सत्याचा एकांतिक उपासक : बारूख स्पिनोझा

आपल्या देवस्थानांचा पूर्वेतिहास ज्यांनी घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकला आहे, त्यांना इन्क्विझिशन या शब्दाची नव्याने ओळख करून द्यावयास नको. सोळाव्या शतकात केळोशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास आला, वेर्ण्याच्या म्हाळसेने म्हार्दोळास वास केला. पोर्तुगीजांच्या अमलाखालचा मुलूख सोडून, त्या वेळी आदिलशाहीत असलेल्या अंत्रुज महालात आपल्या पूर्वजांनी देव नेले आणि देवांमागोमाग संसारही नेले. गोव्यात इन्क्विझिशनचे धर्मन्यायासन १५६० साली बसले आणि मधली थोडी वर्षे सोडली तर १८१२ पर्यंत ते चालले. या अंकात आम्ही ज्या पुरुषाचे चरित्र देत आहोत तो हिंदू नव्हे आणि हिंदुस्थानात त्याचे पाऊलही कधी पडले नाही. परंतु ज्या भयाने आपले पूर्वज नदीपार झाले, त्याच भयाने त्याचेही पूर्वज देशोधडीस लागले होते. म्हणून त्याची कथा आपणांस सर्वस्वी परकी वाटू नये.

खुद्द पोर्तुगालात हे न्यायासन १५३६ साली स्थापन झाले होते आणि तेथे त्याची वक्रदृष्टी प्रामुख्याने यहुदी लोकांवर होती. १४९७ साली पोर्तुगालच्या राजाने त्यांचा सक्तीने बाप्तिस्मा करविला होता. वरून ख्रिस्ती आणि आतून यहुदी अशी दुहेरी जीवने तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या चालली. कोणाच्या घरी शनिवारी चूल पेटत नाही, कोण डुकराचे मांस टाळतो, यावर हेरांची नजर असे. अशाच कुळातला एक विद्वान वैद्य, गार्सिया द ओर्ता, गोव्यात येऊन राहिला. येथील वनस्पतींवर आणि औषधांवर त्याने लिहिलेला ग्रंथ १५६३ साली गोव्यातच छापला गेला. तो वारल्यावर वर्षभरातच, १५६९ साली, त्याच्या बहिणीला जिवंत जाळण्यात आले आणि १५८० साली त्याची स्वतःची हाडे थडग्यातून उकरून जाळण्यात आली. मेलेल्या माणसाच्या मतांनाही शिक्षा देणारे हे न्यायासन आपण केवळ सत्याचे रक्षण करीत आहोत असेच मानीत होते, ही गोष्ट वाचकांनी ध्यानी ठेवावी. पुढील चरित्राचा गाभा तीतच आहे.

अशा पोर्तुगालातून एस्पिनोझा नावाचे एक कुटुंब बाहेर पडले, फ्रान्समधील नांत बंदरी काही काळ राहिले आणि शेवटी हॉलंडच्या आश्रयास आले. ॲम्स्टरडॅम शहरात यहुद्यांना उघडपणे आपला धर्म पाळता येई. तेथे मिगेल एस्पिनोझा सुक्या मेव्याचा आणि तेलाचा व्यापार करू लागला. त्याच्या घरी २४ नोव्हेंबर १६३२ रोजी जो पुत्र जन्मला, त्याची तीन नावे आहेत. सभास्थानात तो बारूख, घरच्या पोर्तुगीज बोलीत बेंतो आणि पुढे विद्वानांच्या लॅटिन भाषेत बेनेदिक्तुस. तिन्हींचा अर्थ एकच, ज्याला ईश्वराचा आशीर्वाद लाभला आहे तो. सहा वर्षांचा होण्याच्या सुमारास त्याची आई गेली. समाजाच्या पाठशाळेत हिब्रू भाषा आणि धर्मग्रंथ यांचे त्याचे अध्ययन चांगले झाले. वडील समाजाच्या पंचांमध्ये बसणारे, सभास्थानाच्या कारभारात लक्ष घालणारे गृहस्थ होते. मुलगाही त्याच वाटेने जाईल असे कोणासही वाटले असते.

त्याच्या बाळपणी त्या समाजात एक प्रकार घडला होता. उरिएल द कोस्टा नावाच्या एका गृहस्थाने आत्म्याच्या अमरत्वाविषयी आणि परंपरागत आचारांविषयी शंका काढल्या म्हणून त्याला वाळीत टाकले होते. बहिष्काराने खचून तो शरण आला, तेव्हा सर्वांसमक्ष सभास्थानात त्याला एकोणचाळीस फटके मारण्यात आले. त्याने घरी जाऊन १६४० साली पिस्तुलाने आत्मघात केला. बारूख तेव्हा आठ वर्षांचाही पुरता नव्हता. या गोष्टीचा त्याच्या मनावर काय परिणाम झाला हे त्याने कोठे लिहून ठेवलेले नाही, आणि आम्हीही त्याविषयी कल्पना लढवीत नाही.

१६५४ साली वडील वारले आणि धाकट्या भावासह दुकानाचा भार त्याच्यावर पडला. दुकान कर्जात होते. वारशाबरोबर आलेल्या देण्यातून सुटण्यासाठी त्याने मार्च १६५६ मध्ये नगराच्या अधिकाऱ्यांकडून स्वतःला अज्ञान पोरका ठरवून घेतले, कारण पंचविशीच्या आतील माणसास तशी मुभा होती. इकडे सभास्थानाला जाणारी त्याची वर्गणी आटत चालली होती आणि त्याच्या बोलण्याविषयी कुजबूज वाढत चालली होती. अखेर २७ जुलै १६५६ या दिवशी सभास्थानात त्याच्या बहिष्काराचा ठराव वाचण्यात आला. त्या वेळी त्याचे वय तेवीस होते.

आपल्याकडे ज्याला ग्रामण्य म्हणत, तसाच हा प्रकार. पण त्याची भाषा फार कठोर होती. दिवसा आणि रात्री, निजताना आणि उठताना, घरात शिरताना आणि बाहेर पडताना त्याला शाप असो असे त्यात म्हटले होते. कोणी त्याच्याशी बोलू नये, पत्रव्यवहार करू नये, एका छपराखाली राहू नये, त्याच्यापासून चार हातांच्या आत उभे राहू नये आणि त्याने लिहिलेले काहीही वाचू नये, अशी आज्ञा होती. त्याने नेमके कोणते मत मांडले हे मात्र त्या लेखात नाही. केवळ घोर पाखंड आणि भयंकर कृत्ये एवढेच मोघम शब्द आहेत. आणि हा लेख पोर्तुगीज भाषेत आहे! ज्या देशाने त्या लोकांना हाकलले, त्याच देशाच्या भाषेत त्यांनी आपल्या मुलाला हाकलले.

त्या पंचांवर एकतर्फी दोषारोप करणे आम्हास योग्य वाटत नाही. ते निर्वासितांचे वंशज होते. ख्रिस्ती धर्माविरुद्ध कोणी बोलता कामा नये, या अटीवर नगराने त्यांना थारा दिला होता. एका तरुणाच्या तोंडाळपणामुळे साऱ्या समाजाचा आसरा जाईल, ही धास्ती अगदीच निराधार म्हणता येणार नाही. शिवाय संन्याशाची मुले म्हणून आळंदीच्या चार भावंडांना ज्या समाजाने दूर ठेवले, आणि परदेशगमन केलेल्यांना अगदी अलीकडच्या काळापर्यंत ज्याने पंक्तीला घेतले नाही, त्या समाजातील आपण, दुसऱ्यांच्या पंचांकडे बोट दाखविताना जरा बेतानेच दाखवावे हे बरे.

बहिष्कृत झालेला हा तरुण पुन्हा शरण गेला नाही. तो ख्रिस्तीही झाला नाही, आणि त्या काळी ही मोठी नवलाची गोष्ट होती. एका कळपातून निघालेल्याने दुसऱ्यात शिरावे अशीच जगाची रीत. भिंगे घासण्याचा धंदा त्याने हाती घेतला. दुर्बिणी आणि सूक्ष्मदर्शक यांचे ते नवे युग होते. स्पिनोझाच्या भिंगांची ख्याती क्रिस्तियान हायगेन्ससारख्या थोर शास्त्रज्ञानेही मान्य केली आहे. १६६१ च्या सुमारास ॲम्स्टरडॅम सोडून तो लायडनजवळच्या राइन्सबर्ग खेड्यात राहावयास गेला. १६६३ साली फोरबर्ग येथे, आणि पुढे हेग नगरीत तो आला. दिवसा भिंगे आणि रात्री लेखन असा त्याचा क्रम होता. दुधाची पातळ पेज आणि थोडे लोणी यांवर त्याचा एखादा दिवस सहज निघे. तंबाखूची चिलीम एवढीच काय ती चैन. सायमन द फ्रीस या सधन मित्राने दोन हजार गिल्डर देऊ केले, ते त्याने घेतले नाहीत. मित्राच्या मृत्यूनंतर त्याच्या भावाने वर्षाला पाचशेची नेमणूक देऊ केली, तेव्हा इतक्याची गरज नाही म्हणून तीनशेच घेतले.

आता त्याच्या तत्त्वज्ञानाकडे वळू. त्याचा मुख्य ग्रंथ म्हणजे नीतिशास्त्र. त्याची रचना भूमितीच्या पुस्तकासारखी आहे. आधी व्याख्या, मग गृहीतके, मग एकामागून एक प्रमेये आणि त्यांची सिद्धी. जे खरे आहे ते कोणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नाही, सांगणाऱ्याच्या अधिकारावरही नाही, हे त्या रचनेतूनच त्याला दाखवावयाचे होते. विश्वात स्वयंभू, अनंत असे द्रव्य एकच आहे. त्यालाच ईश्वर म्हणा, त्यालाच निसर्ग म्हणा. आपण सर्व, ही झाडे, हे तारे, आपले विचार, ही त्या एकाच द्रव्याची रूपे होत. ईश्वर जगाच्या बाहेर बसून आज्ञा सोडणारा राजा नव्हे. त्याच्या स्वरूपातून सर्व काही अटळ नियमाने निष्पन्न होते.

हे वाचताच आपल्यापैकी पुष्कळांना हा तर अद्वैतीच, असे म्हणण्याचा मोह होतो. आम्हाला ही घाई मान्य नाही. शंकराचार्यांच्या मते परमार्थदृष्ट्या जगत् मिथ्या आहे. स्पिनोझाच्या मते जगातील प्रत्येक वस्तू ईश्वराचाच खराखुरा आविष्कार आहे, मिथ्या काहीच नाही. चुकीची असते ती आपली अपुरी समजूत. त्याने दिलेले सूर्याचे उदाहरण घ्यावे. सूर्य आपल्याला शेदोनशे पावलांवर असल्यासारखा दिसतो. त्याचे खरे अंतर कळल्यावरही तो तसाच दिसत राहतो. दोरीवरचा साप दिवा आणताच नाहीसा होतो, तसे येथे होत नाही. दिसणे तसेच राहते, पण जाणता मनुष्य त्याने फसत नाही. या उदाहरणात त्याने सूर्याचे अंतर पृथ्वीच्या व्यासाच्या सहाशे पटींहून अधिक असे सांगितले आहे. आज आपल्याला ते सुमारे ११,७०० पट असल्याचे ठाऊक आहे. म्हणजे त्याच्या काळचा आकडा फारच तोकडा होता. परंतु त्याच्या मुद्द्याला त्यामुळे बाध येत नाही, उलट बळकटीच येते. स्पिनोझाला ठाऊक असो वा नसो, सूर्य तेव्हाही तेवढ्याच अंतरावर होता. वस्तुनिष्ठ सत्य म्हणतात ते हेच.

भक्तिमार्गी वाचकांना त्याच्या ईश्वरात एक मोठी उणीव भासेल आणि ती लपविण्याचे कारण नाही. हा ईश्वर नवसाला पावत नाही, कोणावर रुसत नाही आणि कोणावर विशेष प्रेमही करीत नाही. ईश्वरावर प्रेम करणाऱ्याने ईश्वराकडून परत प्रेमाची अपेक्षा धरू नये, असे तो म्हणतो. निष्काम भक्तीचे हे टोक तुकोबांच्या अभंगांवर वाढलेल्या मनाला फार कोरडे वाटते. आणखी एका ठिकाणी तर आम्ही त्याच्याशी उघड विरोधच नोंदवू. प्राण्यांची हत्या निषिद्ध मानणे हा भाबडा समज आणि बायकी कळवळा होय, असे मत त्याने त्याच ग्रंथात दिले आहे. सर्व भूतांत एकच द्रव्य पाहणाऱ्याच्या लेखणीतून हे यावे, याचे आश्चर्य वाटते.

परंतु त्याच्या चरित्रातील खरा प्रश्न निराळा आहे. सत्य एकच आहे आणि ते मला कळले आहे असे ज्याला वाटते, त्याने न कळलेल्यांशी कसे वागावे? लिस्बन आणि गोवे येथील धर्माधिकाऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर आगीने दिले. आजकाल पुष्कळ सुशिक्षित मंडळी याच्या नेमके उलट उत्तर देतात. ज्याचे त्याचे सत्य निराळे, तेव्हा भांडण्याचे कारणच नाही, असे ते म्हणतात. स्पिनोझाने यांपैकी एकही वाट धरली नाही, आणि म्हणूनच तो आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो.

१६७५ साली त्याला आल्बर्ट बर्ग नावाच्या एका तरुणाचे पत्र आले. हा पूर्वी त्याच्या परिचयातला होता. इटलीत जाऊन तो कॅथलिक झाला होता आणि नव्या धर्माच्या आवेशात त्याने आपल्या जुन्या गुरुतुल्य मित्राची कडक हजेरी घेतली होती. जगात इतकी तत्त्वज्ञाने होऊन गेली, पुढेही होतील. त्या सर्वांत तुमचेच उत्तम हे तुम्हाला कसे कळले, असा त्याचा खडा सवाल होता. स्पिनोझाने उत्तर दिले ते असे की, आपले तत्त्वज्ञान सर्वोत्तम आहे असा आपला दावाच नाही. आपल्याला उमगले ते खरे आहे, एवढे आपण जाणतो. त्रिकोणाचे तीन कोन मिळून दोन काटकोन होतात हे ज्या रीतीने कळते, त्याच रीतीने. प्रकाश जसा स्वतःलाही दाखवितो आणि अंधारालाही, तसे सत्य स्वतःची आणि असत्याची ओळख स्वतःच पटविते, हा त्याचा सिद्धान्त. बर्गने आपल्या धर्मासाठी प्राण देणाऱ्या हुतात्म्यांचा दाखला दिला होता. त्यावर स्पिनोझाने स्पेनमध्ये चितेच्या ज्वाळांतही यहुदी स्तोत्र गात प्राण सोडणाऱ्या एकाची आठवण करून दिली. मरणाच्या धैर्याने मत खरे ठरत नाही, हे त्याला सुचवावयाचे होते. ज्या लोकांनी स्वतःला बहिष्कृत केले, त्यांच्यातल्या हुतात्म्याचा उल्लेख त्याने येथे आदराने केला, ही गोष्ट आम्हास विशेष वाटते.

आणि या ठाम माणसाचे वर्तन कसे होते? हेग येथील त्याच्या घरमालकिणीने एकदा त्याला विचारले की, आपण ज्या धर्मात आहोत त्यात राहून आपला उद्धार होईल काय? ती ल्युथरपंथी साधी बाई. तिच्या धर्मातील देवाविषयीच्या कल्पना स्पिनोझाला पटणाऱ्या नव्हत्या. त्याने तिला सांगितले की, तुमचा धर्म चांगला आहे, उद्धारासाठी दुसरा शोधण्याची गरज नाही, फक्त शांतपणे आणि भक्तिभावाने आयुष्य घालवा. यात कोणाला दुटप्पीपणा दिसेल. आमचे मत तसे नाही. १६७० साली त्याने धर्म आणि राज्य यांविषयी एक ग्रंथ निनावी छापला होता, त्यात हेच सविस्तर मांडलेले आहे. धर्मग्रंथांचे काम पदार्थविज्ञान शिकविणे नव्हे, न्यायाने आणि प्रेमाने वागावयास शिकविणे हे आहे. ते जो शिकला त्याचा धर्म सार्थ झाला. उलट, विचार करण्याची शक्ती मनुष्य दुसऱ्याच्या स्वाधीन करूच शकत नाही. राजाने दंडुका उगारला तर जीभ गप्प होईल, बुद्धी होणार नाही. मग राज्यात मनात एक आणि ओठांवर दुसरे असणाऱ्यांची पैदास होईल. वाचकहो, दुहेरी जीवन जगणाऱ्या पोर्तुगीज यहुद्यांचा नातू हे लिहीत होता.

त्या ग्रंथावर हॉलंडमध्ये १६७४ साली बंदी आली. त्याचा एक समविचारी मित्र, आद्रियान कूरबाख, त्यापूर्वीच १६६९ साली तुरुंगात मरण पावला होता. १६७२ साली हेगमध्ये झुंडीने राज्यकर्त्या द विट बंधूंची रस्त्यात हत्या केली. एरवी शांत असणारा स्पिनोझा तेव्हा मात्र खवळला. त्या कृत्याला रानटीपणाची परिसीमा म्हणणारा फलक तेथे लावण्यासाठी तो निघाला, तेव्हा घरमालकाने दाराला कुलूप घालून त्याचा जीव वाचविला. पुढच्याच वर्षी हायडलबर्ग विद्यापीठात प्राध्यापकाची जागा त्याच्याकडे चालून आली. विचारस्वातंत्र्याचे आश्वासन होते, मात्र प्रस्थापित धर्माला धक्का लागू नये अशी अपेक्षाही होती. त्या स्वातंत्र्याची सीमा कोठे संपते हे कळत नाही, असे नम्रपणे कळवून त्याने नकार दिला. १६७५ साली नीतिशास्त्र छापावयास तो ॲम्स्टरडॅमला गेला होता, पण धर्मोपदेशकांची हाकाटी ऐकून त्याने हस्तलिखित परत आणले. सत्याला घाई नसते, असे त्याला वाटले असावे.

२१ फेब्रुवारी १६७७ रोजी, रविवारी दुपारी, घरची मंडळी प्रार्थनेस गेली असता फुप्फुसाच्या जुन्या विकाराने त्याचे देहावसान झाले. भिंगांची काचधूळ त्यास कारण झाली असणे संभवनीय आहे. वय अवघे चव्वेचाळीस. बहीण वारसा मागावयास आली, आणि देणी वजा जाता काही उरत नाही असे दिसताच तिने हक्क सोडला. लिहिण्याचे मेज हस्तलिखितांसह ॲम्स्टरडॅमच्या प्रकाशकाकडे पोहोचले आणि त्याच वर्षाअखेर मित्रांनी त्याचे ग्रंथ केवळ आद्याक्षरे घालून छापले. पुढल्या वर्षी त्यांवरही बंदी आली.

बहिष्काराचा तो ठराव आजतागायत रद्द झालेला नाही. २०१५ साली ॲम्स्टरडॅमच्या यहुदी समाजाने विद्वानांना बोलावून या विषयाची जाहीर चर्चा घडविली, पण तेथील धर्मगुरूंनी तो मागे घेण्यास नकार दिला.

नीतिशास्त्राच्या हस्तलिखिताची कथा आणखी विलक्षण आहे. छापखान्यासाठी वापरलेली प्रत केव्हाच नाहीशी झाली. स्पिनोझाच्या हयातीत केलेली एक नक्कल मात्र त्याचा एक मित्र रोमला घेऊन गेला होता. तेथे ती नील्स स्टेन्सन या शरीरशास्त्रज्ञाच्या हाती पडली. हा पूर्वी स्पिनोझाचा स्नेही, पुढे कॅथलिक झालेला. त्याने १६७७ साली पाखंडाचा पुरावा म्हणून ती रोमच्या इन्क्विझिशनकडे जमा केली. तिथल्या दप्तरात ती जपली गेली, पुढे व्हॅटिकनच्या ग्रंथालयात गेली आणि २०१० साली एका संशोधकाच्या दृष्टीस पडली. नीतिशास्त्राचे आज अस्तित्वात असलेले एकमेव हस्तलिखित तेच होय.